बुद्धीची वेळ आणि गाडीची वेळ

वेळेचा हिशोब मांडताना आधुनिक समाज एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो, ती म्हणजे सकाळी आठचा तास, दुपारी तीनचा तास आणि पहाटे चारचा तास हे तिन्ही सारख्याच मोलाचे असतात. हजेरीपट, तासिकांचे वेळापत्रक, परीक्षेची घंटा, पाळीचा भोंगा आणि जादा कामाचा दर या सर्वांच्या मुळाशी हेच गृहीतक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाला दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली आणि जादा तासांना दुप्पट वेतन ठरवले. श्रमिकांच्या कित्येक दशकांच्या झगड्याचे ते फळ होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हा कायदाही तास मोजत असे, तास दिवसाच्या कोणत्या भागात पडतात याकडे फारसे पाहत नसे. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास आणि सकाळी आठ ते दुपारी चार हे आठ तास त्याच्या वहीत एकाच रकान्यात बसत, मेंदूत मात्र ते बसत नाहीत. हा फरक ओळखणारे, मोजणारे आणि त्यावरून समाजाच्या वेळापत्रकांना प्रश्न विचारणारे शास्त्र गेल्या शतकभरात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांतून वाढले. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात, जिथे लाखो माणसांचा दिवस गाडीच्या वेळेवरून ठरतो, तिथे त्या शास्त्राची गरज जितकी आहे तितकी क्वचितच दुसरीकडे असेल.

सजीवांच्या शरीरातील क्रिया दिवसभर एकाच पातळीवर चालत नाहीत, त्या नियमाने चढतात आणि उतरतात. या नियमित चढउताराला लय म्हणतात आणि जी लय सुमारे चोवीस तासांत एक फेरा पुरा करते तिला दैनिक लय असे नाव आहे. फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ साली लॅटिन शब्दांवरून तिच्यासाठी 'सर्केडियन' ही संज्ञा घडवली, जिचा अर्थ 'जवळजवळ एका दिवसाची' असा होतो. त्यातला 'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण माणसाचे आतले घड्याळ अंधारात एकटे सोडले तर ते सरासरी चोवीस तासांहून काही मिनिटे जास्त घेते आणि रोज सकाळचा उजेड त्याला पुन्हा जागेवर आणतो. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो या घड्याळाचा मुख्य काटा. त्याच्या चालीनुसार शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते आणि संध्याकाळी सर्वांत वर येते. या घड्याळाखेरीज दुसरेही एक बळ काम करत असते, ते म्हणजे जागेपणाचा भार, जो उठल्यापासून तासागणिक साचत जातो आणि झोपेतच उतरतो. स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार जाग आणि झोप ही या दोन बळांच्या ओढाताणीतून ठरते. रात्रपाळीच्या माणसाला पहाटे चार वाजता जी झापड येते तिच्यात साचलेला भार आणि तळाला गेलेले घड्याळ ही दोन्ही बळे एकाच वेळी एकाच बाजूने ओढत असतात, त्यामुळे ती निव्वळ निर्धाराने हटत नाही.

बुद्धीच्या कामगिरीलाही अशी लय असावी, ही शंका मानसशास्त्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. स्मृतीचा पहिला शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ च्या ग्रंथात निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करताना सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त वेळ लागतो, असे स्वतःवरील प्रयोगांतून नोंदवले. कॅलिफोर्नियात आर्थर गेट्स यांनी १९१६ साली विद्यार्थ्यांच्या चाचण्या दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना घेतल्या आणि अंक लक्षात ठेवण्यासारख्या कामांत सकाळचा उत्तरार्ध सरस ठरतो, असे दाखवले. त्या काळच्या संशोधकांचा हेतू सरळ होता, शाळेच्या वेळापत्रकात गणित कोणत्या तासाला ठेवावे हे त्यांना ठरवायचे होते. नथॅनियल क्लाइटमन यांनी शिकागोत झोपेचा अभ्यास उभा केला. १९३८ साली केंटकीच्या मॅमथ गुहेत एका सहकाऱ्यासह ३२ दिवस राहून २८ तासांचा दिवस पाळण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तरुण सहकाऱ्याच्या शरीराने नवा दिवस स्वीकारला, क्लाइटमन यांच्या शरीराने तो नाकारला. त्याच क्लाइटमन यांनी अशी कल्पना रुजवली की शरीराचे तापमान आणि मनाची तरतरी बरोबरीने चढतात, म्हणून थर्मामीटर पाहून बुद्धीची वेळ सांगता येईल. ही कल्पना सुटसुटीत होती आणि पुढची काही दशके ती टिकली.

तिला पहिला तडा केंब्रिजमध्ये गेला. तेथील उपयोजित मानसशास्त्र केंद्रात एम. जे. एफ. ब्लेक यांनी नौदलाच्या जवानांकडून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांना आठ निरनिराळी कामे करवून घेतली. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत बहुतेक कामे दिवस चढेल तशी सुधारत गेलेली दिसली, दुपारच्या जेवणानंतर मध्येच एक उतार दिसला, पण ऐकलेले अंक लगेच क्रमाने परत सांगण्याचे काम मात्र उलट्या वाटेने गेले, ते सकाळीच चांगले होत होते. या एका विसंवादातून पुढचे सारे संशोधन निघाले, असे म्हटले तरी चालेल. त्या धाग्याचे टोक धरून ज्यांनी आपली सारी शैक्षणिक कारकीर्द उभी केली ते ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायमन फोल्कार्ड. त्यांनी आधी ससेक्स विद्यापीठातील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रात टिमथी मंक यांच्यासह काम केले आणि नंतर वेल्समधील स्वॉन्झी येथे प्राध्यापक म्हणून शरीरलयी आणि पाळीचे काम यांनाच वाहिलेले केंद्र चालवले.

१९७६ साली फोल्कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाची रचना समजून घेण्यासारखी आहे. अक्षरांच्या ओळींतून ठराविक अक्षरे शोधून काढण्याचे काम त्यांनी दिले, पण कधी दोनच अक्षरे डोक्यात धरायची, कधी चार आणि कधी सहा, अशी विभागणी केली. दोन अक्षरे धरायची असताना कामगिरी तापमानाबरोबर चढली आणि संध्याकाळकडे सरस झाली. सहा अक्षरे धरायची असताना चित्र उलटले. काम तेच, डोळे तेच, दिवस तोच, फरक एवढाच की स्मरणावर किती ओझे ठेवले. प्रयोग अगदी थोड्या व्यक्तींवर झाला होता, त्यामुळे त्यावरून कोणी मोठा नियम घाईने बांधू नये. तरीही त्याने जे दाखवले त्यामुळे 'बुद्धीची सर्वोत्तम वेळ कोणती' हा शतकभराचा प्रश्नच चुकीचा ठरला. कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

फोल्कार्ड यांचा पुढच्याच वर्षीचा अभ्यास शाळेतला होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना एक गोष्ट काही गटांत सकाळी नऊ वाजता आणि काही गटांत दुपारी तीन वाजता ऐकवली गेली, मग त्यांतील काहींची चाचणी लगेच आणि काहींची आठवड्यानंतर घेतली. लगेचच्या चाचणीत सकाळी ऐकणारी मुले पुढे होती, आठवड्यानंतरच्या चाचणीत दुपारी ऐकणारी. म्हणजे जे पटकन येते तेच पुढे टिकते असे नाही, आणि शिक्षकाला वर्गात ताबडतोब मिळणारी उत्तरे ही शिकण्याची खरी मोजणी नसते. मंक आणि फोल्कार्ड यांनी १९७८ साली 'नेचर' या नियतकालिकात रात्रपाळीच्या परिचारिकांवरील जो अभ्यास प्रसिद्ध केला तो याच रचनेचा होता. त्यांना प्रशिक्षणाची चित्रफीत रात्री साडेआठला किंवा पहाटे चारला दाखवली. पहाटे पाहणाऱ्यांना ती लगेच अधिक चांगली सांगता आली, परंतु चार आठवड्यांनी विचारले तेव्हा रात्री साडेआठच्या गटाने अधिक टिकवून ठेवलेले आढळले. लेखकांनी याला रात्रीच्या अभ्यासाची लपलेली अकार्यक्षमता म्हटले, आणि 'लपलेली' हाच त्यातला मर्म सांगणारा शब्द आहे, कारण पहाटे चार वाजता वाचणाऱ्याला आपले वाचन चांगले होत आहे असे त्या घटकेला खरोखर वाटत असते. ठाणे आणि डोंबिवलीतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी रात्र जागवणाऱ्या हजारो तरुणांपर्यंत हा निष्कर्ष पोहोचायला हवा होता. घरात शांतता नसते, दोन खोल्यांत पाच माणसे असतात, दिवसा नोकरी असते, म्हणून ते रात्री वाचतात. त्यात त्यांचा दोष काहीही नाही. पण नवे वाचन संध्याकाळच्या तासांत आणि रात्रीचा तेवढा वेळ झोपेला, अशी मांडणी ज्याला थोडीफार शक्य असेल त्याला ती करण्याचे कारण कळलेच पाहिजे.

या साऱ्या संशोधनाचा आपल्याकडच्या नीतिकल्पनेशी जो खटका उडतो तो टाळून पुढे जाता येत नाही. लवकर उठणे हे मराठी घरात आरोग्याचे नव्हे, चारित्र्याचे लक्षण मानले गेले आहे, आणि उशिरा उठणाऱ्याला आळशी हा शब्द तयार असतो. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयापूर्वीची सुमारे ९६ ते ४८ मिनिटांची वेळ, आणि वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येचा आरंभच त्या वेळी उठण्याच्या उपदेशाने होतो. मात्र तो उपदेश निरोगी माणसाला उद्देशून आहे, आणि ज्या काळात तो लिहिला गेला त्या काळात दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात घर निजत असे, या दोन गोष्टी उपदेश पुढे नेणाऱ्यांनी मागे टाकल्या. रात्री साडेअकराला जेवण उरकणाऱ्या घराने साडेचारला उठणे म्हणजे वाग्भटाची दिनचर्या पाळणे नव्हे, तिचा अर्धाच भाग उचलणे होय.

शिवाय माणसे मुळातच वेगवेगळ्या चालीची असतात. जेम्स हॉर्न आणि ओलॉव ऑस्टबर्ग यांनी १९७६ साली १९ प्रश्नांची जी प्रश्नावली तयार केली तिच्यावरून माणूस सकाळकडे झुकणारा की रात्रीकडे झुकणारा, हे ठरवता येते. या झुकावाला कालप्रवृत्ती म्हणता येईल. ती अंशतः आनुवंशिक असते आणि वयाबरोबर सरकते. लहान मूल पहाटे किलबिल करत उठते, पौगंडावस्थेत घड्याळ उशिराकडे सरकते, विसाव्या वर्षाच्या सुमारास ते सर्वांत उशिरावर असते आणि मग हळूहळू परत लवकरकडे येते. वृद्धांना पहाटे जाग येते ती भक्तीमुळे असेल किंवा नसेल, घड्याळामुळे मात्र असतेच. सिंथिया मे आणि लिन हॅशर यांनी १९९३ पासून दाखवून दिले की माणसाची चाचणी त्याच्या प्रवृत्तीच्या वेळेला घेतली तर नको ते विचार बाजूला सारण्याची त्याची क्षमता चांगली दिसते, आणि अवेळी घेतली तर तीच खालावते. याचा सरळ अर्थ असा की सतरा वर्षांच्या मुलाला सकाळी सातच्या तासाला पेंग येते तेव्हा तो शिक्षकाचा अनादर करत नसतो.

आता ठाणे-कल्याणच्या घड्याळाकडे वळणे योग्य होईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली, आणि १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत आला. त्यापूर्वी या गावांची वेळ सूर्यावरून आणि देवळाच्या घंटेवरून चालत असे, त्यानंतर ती हळूहळू स्थानकावरच्या घड्याळाच्या स्वाधीन झाली. भारतीय प्रमाणवेळ १९०६ च्या आरंभी लागू झाली ती पूर्व रेखांश ८२.५ अंशांवरून. ठाणे आणि डोंबिवली ७३ अंशांच्या आसपास आहेत, म्हणून तेथील सूर्य घड्याळाच्या मागे सुमारे ३८ मिनिटे चालतो आणि माध्यान्ह साडेबारा उलटून गेल्यावर होते. मुंबईने हा बदल निमूट स्वीकारला नव्हता. गिरणी कामगारांनी निषेध केला, महापालिकेने 'मुंबई टाइम' पुढे कित्येक दशके धरून ठेवला. आज तो वाद प्रादेशिक हट्टाची गोष्ट म्हणून सांगितला जातो, परंतु भल्या सकाळी गिरणीच्या भोंग्याला हजर होणाऱ्या माणसाकडून अंधारातली जवळजवळ पाऊण तासाची झोप काढून घेतली जात होती, ही त्यातली शारीरिक बाजू शास्त्राला आज स्पष्ट दिसते. त्याचे पडसाद संपलेले नाहीत. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतीय मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदींवरून असे दाखवले आहे की सूर्यास्त एक तासाने उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, कारण निजण्याची वेळ सूर्याबरोबर पुढे जाते आणि शाळेची घंटा मात्र देशभर घड्याळालाच बांधलेली राहते. देशाच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्या मुलांना हा भुर्दंड अधिक पडतो.

सूर्याचे घड्याळ आणि सरकारचे घड्याळ यांच्यात ही फट आहेच, तिच्यावर अंतराची भर पडते. फोर्टमधील एकाच कार्यालयात साडेनऊला पोहोचायचे असेल तर दादरचा, ठाण्याचा आणि टिटवाळ्याचा कर्मचारी एकाच वेळी उठू शकत नाही. कल्याणहून मुंबईचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे, फास्ट गाडीलाही तासाहून अधिक वेळ लागतो, आणि बसायला जागा मिळावी म्हणून डोंबिवलीची माणसे आधी उलट दिशेने कल्याणला जाऊन तीच गाडी पकडतात, तो वेळ वेगळाच. घर जितके दूर तितके भाडे कमी, हा या पट्ट्याचा अर्थव्यवहार सर्वांना ठाऊक आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग असा की वाचलेले भाडे झोपेतून वसूल होते. आणि घरात ही वसुली सर्वांकडून सारखी होत नाही. सात दहाची गाडी गाठणाऱ्या बाईला स्वतःचा, नवऱ्याचा आणि मुलांचा डबा भरून निघायचे असते, म्हणून ती घरात सर्वांत आधी उठते आणि रात्रीची ओटा-भांडी उरकून सर्वांत शेवटी आडवी होते. म्युनिक येथील टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली आठवड्याचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांतील झोपेच्या मध्यबिंदूंमधील अंतराला 'सोशल जेटलॅग' असे नाव दिले, म्हणजे विमानात न बसताही समाजाच्या वेळेमुळे शरीराला घडणारा देशांतरासारखा त्रास. रविवारी दुपारपर्यंत झोपलेला डोंबिवलीकर तरुण आळस करत नसतो, तो पाच दिवसांची थकबाकी फेडत असतो. त्याच्या आईला तर रविवारीही ती फेडता येत नाही.

शाळांच्या वेळेबाबत महाराष्ट्राने अलीकडे घेतलेला निर्णय या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे ठरवले. मुलांची झोप हा सरकारी निर्णयाचा विषय झाला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ज्या वयाचे घड्याळ मुळात लवकरचे असते त्या वयाला सवलत मिळाली, आणि ज्या वयाचे घड्याळ शरीरधर्मानेच उशिरावर गेलेले असते त्या आठवी ते बारावीच्या मुलांबद्दल निर्णय काही बोलत नाही. एकाच इमारतीत दोन सत्रे भरवणाऱ्या शाळेत धाकट्यांना उशिराचे सत्र दिले की थोरल्यांच्या वाट्याला सकाळचे येण्याची शक्यता उलट वाढते. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, त्याला जागेची टंचाई हे खरे कारण आहे, आणि टंचाई नाकारून चालणार नाही. तरीही अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी सुरू करू नयेत असे सांगितले आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला, तो याच वयाच्या मुलांसाठी होता. धाकट्यांची झोप घरच्या उशिरा जेवणाने आणि मोबाइलने मोडते, ती घरी सुधारता येईल. थोरल्यांची झोप त्यांच्या वाढत्या शरीराच्या विरुद्ध लावलेल्या वेळापत्रकाने मोडते आणि तिला घरी उपाय नाही.

कारखान्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. ठाण्याचे वागळे इस्टेट हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक, पुढे डोंबिवली आणि अंबरनाथच्या वसाहती वाढल्या आणि त्यांत रासायनिक कारखाने आले, जिथे भट्टी आणि अभिक्रियेची टाकी रात्री थांबवता येत नाही. फोल्कार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून असे दाखवले की सकाळच्या पाळीच्या तुलनेत दुपारच्या पाळीत अपघात-इजेचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी आणि रात्रपाळीत सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो. त्याहून बोलका आकडा सलग रात्रींचा आहे. पहिल्या रात्रीच्या तुलनेत दुसऱ्या रात्री धोका सुमारे ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ टक्के आणि चौथ्या रात्री ३६ टक्के अधिक. दिवसपाळीत सलग दिवसांनी धोका वाढतो, पण तो इतका नाही. थ्री माइल आयलंडचा अणुभट्टीचा अपघात १९७९ साली पहाटे चारला घडला, भोपाळची वायुगळती १९८४ च्या डिसेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास, चेर्नोबिलचा स्फोट १९८६ साली रात्री दीड वाजण्याच्या आधी. या दुर्घटनांची कारणे यंत्ररचनेत, देखभालीत आणि व्यवस्थापनात होती आणि त्यांचा दोष पाळीवरच्या माणसाच्या पेंगेवर ढकलणे हा त्याच्यावर अन्यायच ठरेल. परंतु सदोष यंत्रणेला सावरण्याची शेवटची संधी ज्या माणसाच्या हाती असते त्याची सावधानता पहाटे तळाला असते, हे ठाऊक असूनही पाळीचे तक्ते त्याप्रमाणे न आखणे हा व्यवस्थापनाचाच दोष मानावा लागतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की माणसाला सवय होते. कायम रात्रपाळी करणाऱ्यांबद्दलच्या अभ्यासांचा आढावा घेऊन फोल्कार्ड यांनी २००८ साली या समजुतीची परीक्षा केली आणि शरीरघड्याळ रात्रपाळीशी पूर्णपणे जुळलेली माणसे ३ टक्क्यांहूनही कमी, तर पुरेशी जुळलेली चारांत एकाहून कमी, असे आढळले. सवय होते ती तक्रार न करण्याची. सकाळी सहाला पाळी सुटलेला कामगार उजाडत्या प्रकाशात घरी जातो, आणि तोच प्रकाश त्याचे घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढतो. मग चाळीच्या किंवा वसाहतीच्या गजबजाटात, खिडकीला जाड पडदा असला तरी, त्याला पाच तासांची तुटक झोप मिळते. ऐरोली आणि ठाण्याच्या कार्यालयांत अमेरिकेच्या दिवसाला जोडून काम करणाऱ्या तरुण-तरुणींची अवस्था याहून निराळी नाही, फक्त त्यांच्या अंगावर खाकी गणवेश नसतो म्हणून त्यांना पाळीचे कामगार म्हणण्याची रीत पडली नाही. दक्षिण फ्रान्समधील तीन हजारांहून अधिक लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून, ज्यात फोल्कार्ड सहभागी होते आणि जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की दहा वर्षांहून अधिक काळ फिरत्या पाळीत काम केलेल्यांची बौद्धिक कामगिरी साडेसहा वर्षांच्या वार्धक्याइतकी खालावलेली होती, आणि पाळी सोडल्यावर ती भरून यायला किमान पाच वर्षे लागली. एका रात्रीच्या पेंगेपासून सुरू झालेला प्रश्न असा माणसाच्या उभ्या आयुष्यापर्यंत येऊन पोहोचतो.

या शास्त्रावर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. दिवसाच्या वेळेमुळे पडणारा फरक सामान्यतः थोडा असतो, आणि इच्छाशक्ती, भीती, बक्षीस किंवा एक कप चहा त्याला काही काळ झाकू शकतो. हे खरे आहे. परीक्षेच्या सकाळी टिटवाळ्याची विद्यार्थिनीही जागीच असते. परंतु थोडा फरक लाखो माणसांवर, रोज, वर्षानुवर्षे पडत राहिला तर तो थोडा राहत नाही, आणि तो झाकण्यासाठी जी इच्छाशक्ती खर्च होते ती कोणाच्या तरी जवळची असते. जवळ राहणाऱ्याला ती खर्चावी लागत नाही. दोन उमेदवारांची गुणवत्ता एकाच तासाला मोजताना एक जण सहा तास झोपून आणि दुसरी साडेचार तास झोपून आली असेल तर त्या गुणांत बुद्धीबरोबर अंतरही मोजले जाते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबईतील कार्यालयांना कामाच्या वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली आणि स्वतःच्या विभागीय कार्यालयात दोन वेळांची पद्धत सुरू केली. हेतू गर्दी फोडण्याचा होता आणि तो रास्तच होता, कारण या मार्गावर दारात लटकून माणसे मरतात. पण कोणाला लवकरची वेळ द्यायची आणि कोणाला उशिराची, हे ठरवताना कर्मचाऱ्याची कालप्रवृत्ती विचारली तर त्याच व्यवस्थेतून गर्दी आणि झोप असे दोन प्रश्न एकदम हलके होतील, आणि त्याला खर्च पडतो तो १९ प्रश्नांच्या एका कागदाचा. कारखान्यांत सलग रात्रींची संख्या कमी ठेवणे, पाळी फिरवताना सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवणे, रात्रीच्या पाळीत मधल्या डुलकीला शिक्षेऐवजी जागा देणे, हे सारे जगात आजमावले गेले आहे. ब्रिटनमध्ये तर पाळीच्या तक्त्याचा थकवा आणि धोका आकड्यांत काढण्याची पद्धत फोल्कार्ड यांच्या सहभागाने २००६ साली तयार झाली आणि तेथील सुरक्षा यंत्रणेने ती उद्योगांच्या हाती दिली.

महाराष्ट्रात या विषयाचे शास्त्र परके नाही. अहमदनगर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात फळमाशीच्या दैनिक लयींवर, म्हणजे ज्या जीवावरील कामासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक दिले गेले त्याच जीवावर, आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापले गेलेले संशोधन झाले आहे. माणसाच्या बुद्धीच्या लयींबद्दल मात्र मानसशास्त्र विभागांत तशी दीर्घ परंपरा उभी राहिलेली दिसत नाही, आणि ती उभी राहायला ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांसारखी जागा शोधून सापडणार नाही. मानसशास्त्राच्या पदवी वर्गात अंकस्मरणाचा प्रयोग शिकवतात, घड्याळ आणि अंकांची यादी एवढेच साहित्य त्याला लागते. हाच प्रयोग एका गटावर सकाळी साडेसातला आणि दुपारी दोनला घेतला, प्रयोगवहीत वयाच्या शेजारी उठण्याची वेळ, घराचे स्थानक आणि पकडलेली गाडी यांचे तीन रकाने आखले आणि दहा वर्षे त्या वह्या रद्दीत न घालता जपल्या, तर कसाऱ्याहून येणाऱ्या मुलीच्या आठवणीतून सकाळच्या पहिल्या तासाला नेमके किती अंक गळतात, हे कोणाला तरी प्रथमच सांगता येईल.